पहिल्या प्रकरणात अडकलेली पीएचडी

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांचं पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालंय, कोर्सवर्क संपलंय, सिनॉप्सिस मंजूर झालाय आणि आता लॅपटॉपवर ‘प्रकरण पहिले : प्रस्तावना’ एवढंच टाइप करून गाडी थांबलीय.

आधी एक कबुली. माझ्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं, “भारत हा कृषिप्रधान देश आहे.” हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांचं तेच असणार! गाइडनी त्या वाक्यापुढे पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता : “मग?” तेव्हा राग आला. आज वाटतं, सुरुवातीची प्रकरणं कशी लिहायची याचं सगळं उत्तर त्या एका शब्दात होतं.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घेऊ. समजा विषय आहे, ‘नाशिक जिल्ह्यातील कांदा विपणनाचा अभ्यास’. आपण काय करतो? भारतातली शेती, मग महाराष्ट्राचा भूगोल, मग नाशिक जिल्हा. पंधरा तालुके, पर्जन्यमान, नद्या, जमलंच तर पंचवटी आणि रामायणसुद्धा. चाळीस पानं झाली तरी कांदा काही लासलगावच्या मार्केटला पोचत नाही. ही सगळी माहिती खरी आहे, पण परीक्षक विचारणार, मग?

आता त्याच विषयाचा प्रश्न करा. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. तरीही चाळ असलेले काही शेतकरी काढणी झाल्या झाल्या कांदा का विकतात? पैशांची नड, सडण्याची भीती, का भावावरचा अविश्वास? बघा, लगेच कळलं ना काय ठेवायचं ते! खरीप आणि उन्हाळ कांद्यातला फरक हवा, कारण खरिपाचा कांदा साठवणुकीत टिकत नाही. चाळीचा खर्च हवा, लिलाव कसा चालतो ते हवं. पर्जन्यमानाचा तक्ता गेला, रामायण गेलं. काय ठेवायचं, काय काढायचं हे प्रश्नच ठरवतो.

हे माझं डोकं नाही बरं का. याचा सगळ्यात चांगला धडा मला शंभर वर्षं जुन्या एका प्रबंधात सापडला. नाशिककरांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात ते १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे आणि १९३५ च्या येवल्याच्या घोषणेमुळे. आज जरा त्यांच्यातला रिसर्च स्कॉलर बघू. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला डी.एस्सी.चा प्रबंध, १९२३ चा. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात तो आहे.

त्याची प्रस्तावना प्रत्येक पीएचडीवाल्यानं वाचावी. बाबासाहेब तिथे दोन गोष्टी स्पष्ट सांगतात. पहिली, इतरांनी जे आधीच सांगितलंय ते मी पुन्हा सांगत नाही. माझी टीका समजायला लागेल तेवढंच देतो. जास्त तपशील हवा असेल तर तो दुसऱ्या पुस्तकांत आहे. दुसरी, जिथे आधीच्या लेखकांनी दुर्लक्ष केलंय, तिथे मात्र मी लांबवर मागे जातो. म्हणून ते १८०० ते १८९३ हा काळ उचलतात. १८९३ च का? कारण त्या वर्षी सरकारनं लोकांनी आणलेल्या चांदीची नाणी पाडून देणं बंद केलं. रुपयाचं पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. पण ते पाऊल का उचललं गेलं, हे आधीच्या पुस्तकांतून नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे पहिल्या प्रकरणातली मोगलांची मोहर आणि रुपया हा ‘ऐतिहासिक आढावा’ घ्यायचा म्हणून आलेला नाही. वाचकाला पुढचा वाद स्वतः तोलता यावा म्हणून तो आलाय. सात प्रकरणांची नुसती नावं वाचली तरी दोन धातूंच्या चलनाकडून चांदीकडे, तिथून सोन्याकडे असा वाद पुढे सरकताना दिसतो. आणि गंमत म्हणजे पुस्तकाला प्राक्कथन लिहिणाऱ्या प्रा. एडविन कॅनन यांना त्यातले बरेचसे मुद्दे पटले नव्हते. ते त्यांनी तिथेच लिहिलं, आणि विचारांच्या ताजेपणाचं कौतुकही केलं. परीक्षकाला सगळं पटलंच पाहिजे असं नाही. तुमचं म्हणणं काय आहे, हे मात्र त्याला कळलं पाहिजे.

आता कामाचं बोलू.

पहिलं प्रकरण. यात पाच गोष्टी पुरतात : अडचण काय आहे, ती कोणाला भोवते, तुमचे नेमके प्रश्न कोणते, अभ्यासाची हद्द काय आणि पुढच्या प्रकरणांची वाट कशी आहे. हद्द सांगायला घाबरू नका. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्यावर निर्यातबंदी होती. तुमचे आकडे त्या काळातले असतील, तर ते इथेच सांगून टाका. व्हायवात दुसऱ्यानं विचारण्यापेक्षा ते बरं.

दुसरं प्रकरण, पूर्वसंशोधनाचा आढावा. इथे आपण हजेरीपट लिहितो. अमुक यांनी २०१२ मध्ये असा अभ्यास केला, तमुक यांनी २०१५ मध्ये तसा. त्यापेक्षा वादाप्रमाणे मांडा. शेतकरी नडीपोटी विकतो म्हणणारे एकीकडे, जोखीम टाळायला विकतो म्हणणारे दुसरीकडे. तुम्ही कुठे उभे आहात? आणि “नाशिक जिल्ह्यावर कोणी काम केलेलं नाही” ही काही उणीव नाही. नाशिकमध्ये असं काय आहे ज्यानं जुनं उत्तर बदलू शकतं, ते सांगा.

इथेच कॉपी-पेस्टचा मोह होतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण इंग्रजी परिच्छेदाचं मराठी भाषांतर सॉफ्टवेअरनं पकडलं नाही, तरी ती चोरीच.

तिसरं, संशोधन पद्धती. एक साधा तक्ता करा. डावीकडे प्रश्न, मध्ये त्यासाठीची माहिती कुठून आणली, उजवीकडे उत्तर कोणत्या प्रकरणात. एखादी रांग रिकामी राहिली तर समजा, तो प्रश्न नुसता शोभेचा आहे. आणि सिनॉप्सिसमधून उचललेलं “सर्वेक्षण करण्यात येईल” तेवढं बदला हो! सर्वेक्षण होऊन दोन वर्षं झालेली असतात.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. पहिलं प्रकरण आधी पूर्ण करायचा हट्ट सोडा. सुरुवातीला तीन पानांचा कच्चा खर्डा लिहा आणि पुढे निघा. हाती काय लागलं हे कळल्यावर, अगदी शेवटी, ते पक्कं करा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं मिळतात. त्यातली दोन ‘कृषिप्रधान देशा’त गेली, तर फेलोशिप संपते, घरचे विचारायला लागतात आणि चांगला प्रश्न असलेलं माणूससुद्धा हळूच लिहिणं सोडून देतं. असे मित्र तुम्हीही पाहिले असतील. हुशारी कमी नव्हती त्यांच्यात.

तर आज रात्री एकच करा. एका कागदावर तुमचा प्रश्न, त्यातला वाद आणि तुमची हद्द लिहा. मग तुमच्या विषयातलं नसलेल्या कोणाला तरी, आईला, भावाला, रूममेटला वाचून दाखवा. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना “मग?” विचारायला सांगा. जिथे उत्तर सुचणार नाही, ते वाक्य खोडा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत लिहीत राहा!