कर्णनाद आणि संमोहन

मुलुंड किंवा घाटकोपर येथें रुळांलगतच्या एखाद्या घरीं पाहुणा मुक्कामास आला, म्हणजे पहिल्या रात्रीं त्याचा डोळ्यास डोळा लागत नाहीं. घरचीं माणसें मात्र गाढ झोंपेंत असतात. गाड्यांचा आवाज दोघांच्याहि कानांवर सारखाच पडतो. परंतु घरच्यांच्या मनानें तो निरुपद्रवी ठरवून केव्हांच बाजूस सारलेला असतो. कर्णनादाच्या रोग्यास संमोहनाचा जो उपयोग होतो, त्याचें मर्म ह्या साध्या अनुभवांत आहे.

बाहेर कांहींहि वाजत नसतां कानांत शिटी, गुणगुण अथवा रातकिड्यांची किरकिर ऐकूं येणें ह्यास कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेंतहि त्याचा निर्देश आहे. वार्धक्यानें किंवा दीर्घकाळच्या गोंगाटानें अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी नष्ट होतात, व त्या पुन्हां उत्पन्न होत नाहींत. कानाकडून येणारे संदेश उणावले, कीं ती उणीव भरून काढण्यासाठीं मेंदू आपली संवेदनशीलता वाढवितो आणि त्यांतून हा नाद उद्भवतो, असें शास्त्रज्ञ मानतात. रात्रीं सामसूम झाली, कीं तो अधिक जाणवतो. रोगी घाबरतो, भीतीनें लक्ष तेथेंच खिळतें, आणि लक्ष खिळलें, कीं नाद वाढल्यासारखा वाटतो.

संमोहनाचा रोख ह्या चक्रावर असतो. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडनें १८४३ सालच्या आपल्या ग्रंथांत ही अवस्था कोणत्याहि दैवी शक्तीची नसून एकाग्रतेची आहे, असें प्रतिपादन केलें. १८४५ सालीं जेम्स एस्डेल ह्या शल्यवैद्यानें बंगालमधील हुगळी येथें अशाच निद्रेंत रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या. आजचा तज्ज्ञ रोग्यास शांत बसवितो, श्वासावर लक्ष ठेवावयास सांगतो, आणि नाद दूरच्या पावसासारखा मागें सरत असल्याची सूचना देतो. रोगी बेशुद्ध नसतो; पुढें तो ही क्रिया स्वतःच करूं शकतो.

तथापि संमोहनानें कर्णनाद समूळ बरा होत नाहीं, आणि त्याच्या गुणाविषयींचा पुरावाहि अद्याप तोकडाच आहे. विचार व वर्तन ह्यांना वळण लावणाऱ्या मानसोपचारांस अधिक आधार आहे. शिवाय कानांतील साधा मळहि नादास कारण होतो. म्हणून प्रथम कान तपासून घ्यावे. नाद एकाच कानांत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा एकाएकीं बहिरेपण आलें असेल, तर एक दिवसहि दवडूं नये. वांद्रें येथें १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणपरीक्षेचें कार्य करीत आहे.

“ह्यावर उपाय नाहीं” हें उत्तर ऐकून खचलेला मनुष्यच नाद कायमचा घालविण्याच्या जाहिरातींस बळी पडतो. त्यास खरें तेवढेंच सांगावें : गाडी थांबविणें हातीं नसलें, तरी तिच्या आवाजांत झोंपणें शिकतां येतें.