शेळीचं घर



आमचं गाव अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठापासून थोडं आत. आजूबाजूला ऊस, वर डोंगर. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंकडे तीन शेळ्या होत्या, संगमनेरी. त्या घराच्या पडवीत, आमच्या उशाशी बांधलेल्या असत. शेळ्या वाढून बारा झाल्या तेव्हा आम्ही घरामागे वेगळा गोठा बांधला. मला आज त्या गोठ्याबद्दलच बोलायचं आहे, कारण बांधताना आम्ही एक मोठी चूक केली आणि ती आम्हाला महागात पडली.

हातात होते तेवढे पैसे आम्ही छपरावर घातले. नवे कोरे पत्रे आणि लोखंडी कैच्या. पुढच्या मोकळ्या आवाराला पाच फुटांची जाळी लावली आणि वरचा भाग उघडाच ठेवला. शेळ्या आत झोपायच्या, पण छपरी आणि आवार यांच्यामध्ये दार नव्हतं. उन्हाळ्यातल्या एका रात्री बिबट्या जाळीवरून आत उतरला. सकाळी पाहिलं तर सहा शेळ्या मेलेल्या, त्यांतल्या दोन गाभण. त्यानं खाल्ली होती फक्त एक, तीही अर्धी. बंद जागेत शेळ्या सैरावैरा धावत राहतात, त्यांना पळून जायला वाट नसते, आणि समोर धावणारं जनावर दिसलं की बिबट्या पुन्हा पुन्हा झडप घालतो. वरून उघडं असलेलं कुंपण शेळीचं रक्षण करत नाही, उलट तिला कोंडून बिबट्याच्या हाती देतं. ही गोष्ट आम्हाला त्या सकाळी कळली.

पुढं काही वर्षांनी याच खोऱ्यातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून ते काय खातात ते तपासलं होतं. बिबट्यांच्या भक्ष्यात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला आणि शेळ्यांचा केवळ 11 टक्के. खोऱ्यात कुत्र्यांपेक्षा शेळ्या सात पट जास्त, तरी असं! कारण साधं आहे. कुत्रं रात्री मोकळं फिरतं आणि शेळी गोठ्यात कोंडलेली असते. म्हणजे आपल्या आयाबायांनी पिढ्यान् पिढ्या संध्याकाळी शेळ्या मोजून आत घेतल्या, त्यानंच त्या वाचल्या. बंदोबस्त पक्का असेल तर बिबट्याच्या शेजारीही शेळी पाळता येते, हे मी अनुभवानं सांगते. त्या रात्रीनंतर आमच्याकडे एकही शेळी अशी गेलेली नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की पैसा आधी जमिनीत आणि जाळीत घाला, छपराचं नंतर बघा. छप्पर उसाच्या पाचटाचं असलं तरी शेळी तक्रार करत नाही.

जमिनीपासून सुरुवात करू. शेळी थंडी सोसते, ऊन सोसते, पण ओल सोसत नाही. खालची जमीन ओली राहिली की खुरं कुजतात, गोचीड-पिसवा वाढतात आणि करडं खोकायला लागतात. म्हणून जागा उंचवट्याची निवडावी आणि जोतं आसपासच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट वर घ्यावं. आत मुरूम टाकून पाणी मारून चांगला धुम्मस करावा आणि मागच्या बाजूला उतार द्यावा, म्हणजे मूत साचत नाही. पुष्कळ जण हौसेनं सिमेंटचा कोबा करतात. धुवायला तो सोपा, पण मूत जिरवत नाही, थंडीत गार पडतो आणि ओला झाला की गाभण शेळी त्यावरून घसरते. मी मुरूमच पसंत करते. तीन-चार महिन्यांनी वरचा चार बोटांचा थर खरवडून शेतात टाकायचा, नवा मुरूम भरायचा आणि आठवड्यातून एकदा चुन्याची भुकटी भुरभुरायची. खरवडलेल्या त्या मातीवर आमचं टोमॅटोचं वावर चालतं.

कोकणातल्या माझ्या बहिणींना मात्र मुरूम पुरणार नाही. तिथं चार महिने जमीन वाळतच नाही. तिथं लाकडी फळ्यांचा किंवा बांबूचा माच करावा, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच. दोन पट्ट्यांमध्ये फट एवढीच हवी की लेंडी खाली पडेल, पण करडाचं खूर अडकणार नाही.

आता मोजमाप. मोठ्या शेळीला छपराखाली दहा चौरस फूट जागा लागते, बोकडाला वीस, करडाला चार-पाच. दहा शेळ्या, एक बोकड आणि त्यांची करडं धरली तर वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद छपरी पुरते, आणि तिच्या पुढं तिच्या दुप्पट मोकळं आवार. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन आत घुसत नाही आणि पश्चिमेकडून येणारा पाऊस फक्त आखूड बाजूवर आपटतो. मधली उंची दहा फूट, कडेला सात. भिंत तीन-चार फुटांपर्यंतच उचला आणि वर जाळी ठेवा. थंडीत लोक बारदानं लावून गोठा चोहोबाजूंनी गच्च बंद करतात. माया म्हणूनच करतात, पण त्यानंच करडं न्यूमोनियानं जातात. बारदान जरूर लावा, फक्त छपराच्या कडेला हातभर जागा उघडी सोडा. परीक्षा घ्यायची असेल तर पहाटे गोठ्यात जाऊन शेळीच्या उंचीला खाली बसा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर समजा की शेळीनं रात्रभर तोच वास छातीत भरून घेतला आहे. उभ्या माणसाला हे कळत नाही.

कुंपणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण शेळी कुंपणाशी जे करते ते गाय-म्हैस करत नाही. ती पुढचे पाय टेकवून उभी राहते, अंग घासते, शिंगं अडकवते. आडव्या पट्ट्यांचं कुंपण म्हणजे तिला शिडीच. म्हणून पट्ट्या उभ्या असाव्यात किंवा जाळी लावावी. जाळीचं घर मोठं असेल तर शिंगाची शेळी डोकं घालते आणि मागं काढता येत नाही म्हणून तिथंच ओरडत राहते. लहान करडू तर खालून सरळ बाहेर. तेव्हा खालचे दोन फूट बारीक जाळी हवीच. जाळी खांबाच्या आतल्या बाजूनं ठोका. बाहेरून ठोकली तर शेळ्यांच्या रेट्यानं खिळे उपटतात, आतून ठोकली तर तोच रेटा खांबावर बसतो. खांब आठ-दहा फुटांवर एक, आणि दोन फूट जमिनीत. लाकडी असेल तर जमिनीत जाणारं टोक डांबरात बुडवून घ्या, नाहीतर वाळवी दोन पावसाळ्यांत खाते. कोपऱ्याच्या खांबांना तिरपा टेकू द्या, कारण जाळी ताणली की सगळा ताण कोपऱ्यावरच येतो. आमच्याकडे पहिल्याच वर्षी दोन कोपरे आत झुकले होते. काटेरी तार शेळीसाठी वापरू नका, कासेला जखमा होतात. आणि कुंपणाला आतून लागून दगड, ओंडका, गव्हाण असं काही ठेवू नका. शेळी त्यावर चढते आणि पलीकडे जाते.

बिबट्याच्या भागात वरूनही जाळी हवी. सगळ्या आवारावर घालायला पैसे नसतील तर निदान छपरी चारी बाजूंनी आणि वरून बंद करा आणि रात्री शेळ्या आवारात न ठेवता आत कोंडा. आम्ही आता हेच करतो.

कवाड चार फूट रुंद करा. अरुंद दारात शेळ्या एकदम घुसतात, गाभणीचं पोट दाबलं जातं आणि ती गाभडते. ते आत उघडणारं असावं, म्हणजे आतून रेटा आला तरी उघडत नाही. नुसती उचलायची कडी शेळी तोंडानं उचलते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कडी बाहेरून, आणि तिच्यात खिळा.

करडांसाठी कोपऱ्यात वेगळा कप्पा ठेवा. पहिले आठ-दहा दिवस आमच्याकडे अजूनही डालग्याखालीच ठेवतात आणि पाजायला बाहेर काढतात. ती जुनी रीत चांगली आहे, मोठ्या शेळीच्या पायाखाली करडू सापडत नाही. बोकड नेहमी वेगळा.

चारा जमिनीवर टाकू नका. लेंडी-मुतात मिसळलेला पाला शेळी तोंडात धरत नाही, कितीही भुकेली असो. गव्हाण जाळीच्या बाहेर, शेळी मान घालून खाईल अशी ठेवा. प्लॅस्टिकचं पिंप उभं चिरून दोन गव्हाणी होतात. सुबाभूळ, शेवरीचा पाला दोरीनं वर टांगा. झाडाचं ओरबाडून खाणं हा तिचा स्वभाव आहे, तसं दिलं की वायाही कमी जातो.

एवढं करूनही कधी हल्ला झालाच, तर मेलेलं जनावर हलवू नका आणि लगेच वन खात्याला कळवा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते. दुःखाच्या भरात लोक आधी खड्डा खणून पुरतात आणि मग हात हलवत परत येतात.

 मुरूम भरायचं, खांब पक्के करायचं काम पावसाळ्याआधी, मे महिन्यातच उरकून घ्या, नंतर गाडी वावरात येत नाही. पण एक काम आज संध्याकाळीच करा. शेळ्या आत गेल्या की कवाडाच्या खालची फट बघा. तुमचा पंजा आडवा आत जात असेल, तर बिबट्याचाही जाईल. तिथं उद्याच दगडाचा उंबरा बसवा.