आधी मोजमाप, मग नियंत्रण



इंडक्शन मोटर चालविणाऱ्या नियंत्रकाला मोटरीचे अंतरंग ठाऊक असावे लागते. पाटीवरून थोडेच कळते. चार ध्रुवांच्या मोटरीतील चुंबकीय क्षेत्र 50 हर्ट्झला मिनिटास 1500 फेरे घेते. पाटीवर 1440 असेल, तर रोटर 4 टक्के मागे राहतो. हीच स्लिप. बाकीचे मोजूनच काढावे. एकदिश प्रवाह सोडून स्टेटरचा रोध मिळतो. मोटर बिनभाराने चालविली की चुंबकनाचा प्रवाह समजतो. रोटर घट्ट धरून, कमी दाबाने नेहमीइतका प्रवाह दिला, की स्टेटरचा वजा जाता रोटरचा रोध हाती येतो.

आजचे पुष्कळ नियंत्रक ही मोजणी आपोआप करतात; पण थंड मोटरीवर. तांबे असो वा अॅल्युमिनियम, रोध अंशामागे सुमारे 0.4 टक्के वाढतो. 75 अंश तापल्यावर 30 टक्के. मग नियंत्रकाचा हिशेब चुकतो, जोर घटतो, मोटर अधिकच तापते. पिठाची गिरणी त्या मोटरीवर चालते आणि एखाद्याचे घर त्या गिरणीवर.

म्हणून आपल्या तरुण कारागिरांना आग्रहाने सांगतो: आधी मोजा, मग नियंत्रक बसवा, आणि मोटर तापल्यावर पुन्हा एकदा मोजा.