परदेशातला जावई



सुगी आटोपली की गावोगाव सोयरिकीच्या गोष्टी निघतात. त्यात एखाद्या घरी परदेशातल्या मुलाचे स्थळ सांगून आले, तर सारे घर हरखून जाते. मुलगा असतो पंधरा दिवसांच्या रजेवर. 'आठ दिवसांत लग्न उरकू,' म्हणतो. आपणही 'पोरीचं नशीब उघडलं' म्हणत बस्ता बांधायला धावतो.

अहो, दहा गुंठे जमीन घ्यायची तर आपण सात-बारा काढतो, फेरफार बघतो, बांधाशेजाऱ्याला विचारतो. मग पोटची पोर देताना नुसत्या फोटोवर नि गोड बोलण्यावर का भुलावे? जावयाचाही सात-बारा असतो. त्याचा पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचे पत्र, तिकडचा पत्ता आणि आधी लग्न झाले असल्यास घटस्फोटाचा हुकूम, हे सारे मागून घ्या. खरा माणूस राग मानणार नाही. पहिली बायको हयात असून घटस्फोट झालेला नसेल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरे लग्न मुळातच रद्द ठरते. हे कागद बहुधा इंग्रजीत असतात. तेव्हा गुरुजी, ते घरच्यांना वाचून, अर्थ समजावून देणे हे तुमचे काम.

दुसरी गोष्ट नोंदणीची. अक्षता पडल्या म्हणजे सगळे झाले, असे समजू नका. लग्नाची नोंद गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत होते. जावई विमानात बसण्याआधी दोघांच्या सह्या होऊन दाखला मुलीच्या हाती पडला पाहिजे. दागिन्यांची यादी करा. मुलीचा पासपोर्ट तिच्याच जवळ राहू द्या, आणि सर्व कागदांच्या नकला माहेरी ठेवा. तिकडच्या भारतीय वकिलातीचा पत्ता नि फोन तिला लिहून द्या.

आता समजा, वर्षभराने दारात परदेशी कोर्टाचा लखोटा आला. नवऱ्याने तिकडे घटस्फोटाचा दावा लावला आहे. घरचे हाय खातात आणि लखोटा ट्रंकेच्या तळाशी जातो. इथेच चुकते! परदेशी कोर्टाचा प्रत्येक हुकूम आपल्याकडे चालतोच असे नाही. १९९१ साली अशाच एका प्रकरणात नवऱ्याने अमेरिकेत मिळवलेला घटस्फोट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. तो निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला. ज्या कायद्याखाली लग्न लागले, त्यातले कारण व त्यातला अधिकार बघावा, हे त्याचे सार. मात्र बायकोने आपखुशीने त्या कोर्टाचा अधिकार मानला किंवा घटस्फोटाला संमती दिली, तर गोष्ट वेगळी होते.

म्हणून न समजता कुठेही सही करू नये, आणि गप्पही बसू नये. तोच लखोटा घेऊन तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे वकील फुकट मिळतो. उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय महिला आयोगाकडेही अशा लग्नांच्या तक्रारी घेतल्या जातात.

परदेशातली सारीच स्थळे खोटी नसतात. कितीतरी मुली तिकडे सुखाने नांदताहेत. पण मुलगी लांब दिली, की रडू आले तरी माहेर हाकेवर नसते. तेव्हा तिच्या ओटीत नारळाबरोबर हे चार कागदही घाला.