ओसाड, पण कुणाला?

‘ओसाड जागा’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. पीक नाही, झाड नाही, घर नाही, की ती जागा ओसाड! पण ओसाड कुणाला, हे कधी विचारलंय का तुम्ही?

माळढोक पक्षी घ्या. उंची मीटरभर, भरलेल्या नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. त्याला दाट झाडी नकोच. मोकळा गवताळ माळ, नाकतोडे, बोरं आणि अंडं घालायला उघडी जमीन, एवढंच त्याचं मागणं. मादी एका विणीला बहुधा एकच अंडं घालते. म्हणून एक पक्षी गेला, की त्याची भरपाई व्हायला फार काळ लागतो.

सोलापूरजवळ नान्नजला या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आता तिथं तो क्वचितच दिसतो. उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. तेही दोनशेच्या आतच.

आता पेच पाहा. तिथंच ऊन आणि वारा मुबलक, म्हणून तिथंच सौर आणि पवन विजेचे मोठे प्रकल्प. या विजेला धूर नाही, राख नाही. पण ती वाहून न्यायला तारा लागतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरचं त्याला कमी दिसतं. तार दिसते तेव्हा ती अगदी जवळ आलेली असते, आणि जड अंग झटकन वळत नाही.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने या भागातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. उच्च दाबाच्या तारा पुरणे अवघड आणि फार खर्चाचे आहे, असे सरकारने मांडले. २०२४ साली आदेश बदलून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवण्यात आला.

विजेची बाजू खोटी नाही. हवामान बिघडत गेलं, तर माळही सुखरूप राहणार नाही. परंतु जागा ठरवतानाच ‘इथं आधीपासून कोण राहतं?’ असं विचारलं, तर तारांची वाट बदलता येते, काही टप्पे पुरता येतात, पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या तारांवर लावता येतात. खर्च वाढेल, कबूल. पण तो विजेच्या किमतीतच धरायला हवा. आज तो माळढोक आपल्या जिवाने भरतो आहे.

तुमच्या गावच्या माळावर उद्या झाडं लावायची किंवा सौर पट्ट्या बसवायची गोष्ट निघेल. दोन्ही कामं चांगली. पण ‘जागा रिकामीच आहे’ असं म्हणण्यापूर्वी एकदा पहाटे तिथं जाऊन या.