भेगेवर तारीख लिहा

गटाचा हिशेब मांडताना आपण मागच्या महिन्याचा आकडा शेजारी ठेवतो. फरक कळतो तो तसाच. आज शाळा, पूल आणि तलाव यांच्याकडेही आपण तसंच बघू या.

एवढं मोठं बांधकाम कशाला हलतंय, असं आपल्याला वाटतं. पण ते रोज थोडं हलतं. उन्हानं फुगतं, थंडीनं आकसतं. म्हणून तर पुलावर जोडाला फट ठेवतात. एसटी जाताना खटका बसतो तो तिथंच. भरलेला ट्रक आला की पूल किंचित वाकतो, ट्रक गेला की जागेवर येतो. यात वाईट काही नाही. काळजी करायची ती जागेवर परत न येणाऱ्या हालचालीची.

ती मोजायला इंजिनिअर आता कॅमेराही वापरतात. पुलावर ठळक खूण करतात आणि लांब पक्क्या जमिनीवर कॅमेरा बसवतात. तो एकाच जागेवरून फोटो घेत राहतो आणि खूण किती सरकली ते संगणक मोजतो. साध्या डोळ्यांना न दिसणारी मिलिमीटरभर हालचालही त्यात कळते. मात्र कॅमेराच हलला, धुकं पडलं किंवा आपल्याकडच्यासारख्या दुपारच्या झळा असल्या, तर माप चुकतं.

हे वेळेवर कळणं किती मोलाचं आहे, ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिवरे गावानं दाखवलं. २ जुलै २०१९ च्या रात्री तिथलं मातीचं धरण फुटलं. घरं आणि माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. आपल्या बीड जिल्ह्यातही मातीच्या भिंतीचे पाझर तलाव आहेतच.

आपल्याकडे तो मोठा कॅमेरा नाही, पण मोबाइल आहे. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीला भेग दिसली, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेजवळ मोजपट्टी धरून फोटो काढा. दर महिन्याला त्याच जागी उभं राहून, शक्यतो सकाळीच, पुन्हा फोटो घ्या. भेग रेघेच्या पुढं गेली किंवा रुंद झाली, तर भिंत अजून हलते आहे. पोरांना त्या भिंतीजवळ बसवू नका.

पावसाळ्यात तलावाच्या भिंतीची बाहेरची बाजू बघा. नवी ओल, खचलेली जागा, माथ्यावर लांब भेग दिसली तर फोटो काढा. पाझरणारं पाणी नितळ असेल तरी नोंद ठेवा. ते गढूळ झालं, तर पाण्याबरोबर आतली माती वाहते आहे असं समजा. मग फोटोसाठी थांबू नका. खालच्या वस्तीला उठवा, उंचावर न्या, ११२ नंबर लावा आणि तहसीलला कळवा.

एरवी फोटो आणि तारखा जोडून ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय मांडा. ‘भिंत खराब आहे’ म्हटलं की ‘बघू’ असं उत्तर येतं. ‘दोन महिन्यांत भेग बोटभर वाढली, हे फोटो’ म्हटलं की टाळणं अवघड जातं.

आम्ही गटांच्या रजिस्टरमध्ये यासाठी एक पान राखून ठेवतो आहोत. तुम्हीही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि पहिली फेरी शाळेपासून सुरू करा.