आधी पत्ता, मग पार्सल



आपण ज्वारीचं पीठ, तूरडाळ मोबाईलवरून विकू लागलो. आमचं एक पार्सल ‘पिंपळगाव, महाराष्ट्र’ एवढ्याच पत्त्यावर गेलं आणि परत आलं. पिंपळगावं काय एक आहेत? टपालखर्च आमच्याच माथी.

१९७२ पासून पिनकोड आहे. पहिले तीन आकडे टपालाचा छाटणी-जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. पिन आणि गाव जुळत नसेल, तर अंदाजानं दुरुस्ती करायची नाही. गिऱ्हाइकाला फोन लावायचा. गाव, तालुका, जिल्हा, जवळची खूण विचारायची. लिहिलेलं वाचून दाखवायचं. फोन लागेपर्यंत पार्सल घरातच ठेवायचं.

ओल न बघता पेरलं, तर दुबार पेरणीचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, हे तुम्हाला सांगायला नको.